विश्लेषण : ९ होल, ४० एकर… छोटा गोल्फ कोर्स मोठ्यांना भारी का पडतो?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ऑरलँडोला खेटून विंटर पार्क नावाचे छोटे शहर आहे. तिथल्या नगरपालिकेच्या मालकीचा एक गोल्फ कोर्स आहे. होल फक्त ९. एकूण लांबी सुमारे २,४८० यार्ड, म्हणजे जेमतेम सव्वादोन किलोमीटर. सरावासाठी वेगळी ड्रायव्हिंग रेंज नाही. मधूनच शहराचे रस्ते जातात आणि फटका मारण्याआधी मोटार पुढे जाऊ द्यावी लागते. आजूबाजूला घरे, चर्च आणि दफनभूमी. तरीही गेल्या काही वर्षांत गोल्फच्या जगात सर्वाधिक बोलले गेलेल्या सार्वजनिक मैदानांमध्ये या कोर्सचे नाव आहे. कोट्यवधी डॉलर खर्चून बांधलेल्या मैदानांना जे जमले नाही, ते या दीड वीत मैदानाला कसे जमले? आणि १८ होलच्या, सात हजार यार्डांच्या मैदानांमागे धावणाऱ्या शहरांनी त्यातून काय घ्यावे?

विंटर पार्कमध्ये नेमके काय झाले?

हा कोर्स नवा नाही. सध्याच्या जागेवर तो १९१४ पासून आहे आणि अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदीतही त्याचे नाव आहे. पण शंभरी गाठेपर्यंत तो थकला होता. गवत, पाणी देण्याची व्यवस्था, ग्रीन (होलभोवतीचे अगदी बारीक कापलेले गवत) सगळेच जुने झाले होते. शहराच्या मधोमध असलेली अशी जागा थकली, की तिच्याकडे बघणाऱ्यांच्या डोळ्यांत इमारती उभ्या राहू लागतात. हे समजायला फ्लोरिडाला जाण्याची गरज नाही.

२०१६ मध्ये नगरपालिकेने कीथ रेब आणि रायली जॉन्स या दोन तुलनेने अपरिचित आरेखकांना काम दिले. दोघेही तोवर बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या नामवंत जोडीच्या प्रकल्पांवर मातीला आकार देणाऱ्या यंत्रांवर बसलेले कारागीर. नकाशा काढायचा, ठेकेदाराच्या हाती द्यायचा आणि उद्घाटनाला यायचे, ही नेहमीची पद्धत त्यांनी टाळली. आकार त्यांनी स्वतः दिले. खर्च आला सुमारे १२ लाख डॉलर, त्या वेळच्या दराने ८ कोटी रुपयांच्या आसपास. त्याच वर्षी शरद ऋतूत कोर्स पुन्हा उघडला.

लांबी वाढवली नाही. वाढवायला जागाच नव्हती. सुमारे ४० एकरांत, म्हणजे जवळपास दीड शिवाजी पार्कात, सगळे बसवायचे होते. त्यांनी लक्ष दिले ते ग्रीनवर. ती मोठी केली, त्यांना उतार दिले, कडांवरून चेंडू घरंगळून खाली जाईल असे आकार दिले. भोवतालचे गवतही बारीक कापले. फेअरवे रुंद ठेवले. बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, अशा जागी आणले की खेळाडूला थांबून विचार करावा लागेल. बाकी जवळपास सगळे जसे होते तसेच राहिले, रस्त्यांसकट.

छोटा म्हणजे सोपा, असे नाही का?

हाच सर्वांत मोठा गैरसमज. गोल्फमधली अवघड जागा लांबीने होते, असे ज्यांना वाटते त्यांनी स्कॉटलंडमधल्या रॉयल ट्रूनच्या आठव्या होलचा इतिहास पाहावा. या होलचे टोपणनाव ‘पोस्टेज स्टॅम्प’, म्हणजे टपालाचे तिकीट. लांबी १२३ यार्ड. ब्रिटिश ओपनच्या मैदानांवरचा हा सर्वांत छोटा होल. १९५० च्या ओपनमध्ये हर्मान टिसीस या जर्मन हौशी खेळाडूला तो पूर्ण करायला १५ फटके लागले. अपेक्षित असतात तीन. १९७३ मध्ये याच होलवर ७१ वर्षांच्या जीन सॅराझेनने एकाच फटक्यात चेंडू होलमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी तो बंकरमध्ये सापडला आणि तिथून थेट होलमध्ये गेला. दोन दिवसांत मिळून तीन फटके, आणि पटर हातात धरायची वेळच आली नाही. मैदानाची ताकद मोजायची तर याहून चांगली फूटपट्टी कोणती? एक माणूस १५ वर अडकतो आणि सत्तरी ओलांडलेला दुसरा एकात मोकळा होतो.

कॅलिफोर्नियातील पेबल बीचचा सातवा होल तर जेमतेम १०६ यार्डांचा. समुद्रावरून वारा सुटला, की जगातले अव्वल खेळाडू तिथे कोणता क्लब काढायचा यावर कॅडीशी हुज्जत घालतात.

पण छोट्या होलचे खरे सौंदर्य ‘पार ४’मध्ये आहे. लॉस एंजलिसच्या रिव्हिएरा मैदानाचा दहावा होल पाहा. २०२८ च्या ऑलिम्पिकमधील गोल्फ याच मैदानावर होणार आहे. त्या होलची लांबी ३१५ यार्ड, चार फटक्यांत पूर्ण करण्याचा. आजच्या व्यावसायिकाला एवढे अंतर एका फटक्यात गाठता येते, म्हणून तो मोहात पडतो. ग्रीन मात्र अरुंद, तिरके आणि वाळूने वेढलेले. डावीकडे शांतपणे दोनशे यार्डांचा फटका मारला तर पुढचा कोन मोकळा मिळतो. थेट गेला आणि उजवीकडे चुकला, तर तीनचे स्वप्न पाहणारा पाच लिहून पुढे जातो. हा होल जवळपास शंभर वर्षांपूर्वीचा आहे. चेंडू बदलला, क्लब बदलले, खेळाडूंचे दंड बदलले. तो प्रश्न मात्र अजून कोणाला कायमचा सोडवता आलेला नाही.

विंटर पार्कमध्ये हीच कल्पना सामान्य माणसाच्या मापात आणली आहे. समजा, २८० यार्डांचा एक होल आहे. ताकदवान तरुण पहिल्याच फटक्यात ग्रीन गाठायला जातो. साठीतल्या बाई शंभर-शंभर यार्डांचे तीन फटके मारून तिथे पोहोचतात. तरुणाचा फटका चुकून बंकरमध्ये गेला, तर दोघांच्या कार्डावर सारखाच आकडा पडू शकतो. ७,२०० यार्डांच्या मैदानावर ही गोष्ट घडतच नाही. तिथे बाई चौथ्या होलपर्यंत दमलेल्या असतात आणि तरुण मागे उभा राहून घड्याळ पाहत असतो.

रुंद फेअरवेचे गणित

नवशिका खेळाडू गोल्फ का सोडतो, याची कारणे अनेक सांगितली जातात. एक कारण साध्या त्रिकोणमितीत आहे. फटका मारताना क्लबचा चेहरा पाच अंशांनी वाकडा झाला आणि चेंडू त्याच दिशेने सरळ गेला असे धरा. १०० यार्डांवर तो साधारण ९ यार्ड बाजूला पडेल. २०० यार्डांवर साडेसतरा, २८० वर जवळपास साडेचोवीस यार्ड. चूक तेवढीच, शिक्षा अंतराबरोबर वाढते. चेंडूला फिरकी बसली तर आणखी. म्हणजे मैदान लांब आणि अरुंद केले, की एकाच चुकीसाठी माणसाला दोनदा दंड होतो. एकदा अंतराचा, एकदा झुडपात चेंडू शोधण्याचा. चेंडू शोधण्यात गेलेली पाच मिनिटे मागच्या चौघांच्याही वाट्याला येतात, ती वेगळीच.

चांगला आरेखक म्हणूनच अडचण सुरुवातीला न ठेवता शेवटाकडे ठेवतो. फेअरवे रुंद, चेंडू सापडतो, खेळ पुढे जातो. पण रुंद फेअरवेच्या चुकीच्या बाजूला चेंडू असेल, तर ग्रीनचा उतार तुमच्या विरुद्ध पडतो. नवशिक्याला हे कळतही नाही, तो आनंदात असतो. जाणकाराला मात्र कळते आणि तो तळमळतो. एकाच जमिनीवर दोन वेगळे खेळ चालू असतात. हे साधायला लांबी लागत नाही, लागतात ती चांगली ग्रीन. आणि चांगली ग्रीन करायला पैशांपेक्षा नजर लागते, हे विंटर पार्कच्या १२ लाख डॉलरच्या बिलावरून दिसते.

मग १८ हा आकडा आला कुठून?

कोणत्याही शास्त्रातून नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत २२ होल खेळले जात. जाताना आणि येताना बहुतेक तेच होल वापरायचे. १७६४ मध्ये सुरुवातीच्या चार होलचे दोन करण्यात आले. दोन्ही दिशांनी मोजल्यावर २२ चे १८ झाले. सेंट अँड्र्यूजचा दबदबा वाढला तसा तो आकडा नियम होऊन बसला.

पहिली ओपन स्पर्धा १८६० मध्ये प्रेस्टविकला झाली. तिथे होल होते १२. त्याच्या तीन फेऱ्या खेळवल्या. एडिनबराजवळचे मसलबरा ओल्ड लिंक्स तर ९ होलचे. तिथे १८७४ ते १८८९ या काळात सहा वेळा ओपन झाली. सध्या जगभरात होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर असतो. तो आकडाही मसलबराच्या होल पाडण्याच्या जुन्या अवजाराशी जोडला जातो. म्हणजे ज्या खेळाची सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा एकेकाळी ९ होलवर होत होती, त्याच खेळात आज ९ होलच्या मैदानाला ‘अर्धा कोर्स’ म्हणतात. मसलबरा आजही सार्वजनिक आहे. घोड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीच्या आत आहे आणि पैसे भरून कोणालाही खेळता येते. त्याला अर्धा म्हणण्याची हिंमत मात्र सहसा कोणी करत नाही.

लांबीच्या शर्यतीत बिघडले काय?

चेंडू लांब जाऊ लागला, म्हणून मैदाने लांब झाली. मैदाने लांब झाली, म्हणून लांब मारणारे खेळाडू घडवले गेले. ऑगस्टा नॅशनल २०२४ च्या मास्टर्सला ७,५५५ यार्डांवर पोहोचले. २०१७ च्या यूएस ओपनसाठी विस्कॉन्सिनमधील एरिन हिल्सची लांबी कागदावर ७,७४१ यार्ड होती. शेवटी खेळाचे नियम ठरवणाऱ्या यूएसजीए आणि आर अँड ए या दोन संस्थांनी डिसेंबर २०२३ मध्ये चेंडूच्या चाचणीचे निकष कडक करण्याचा निर्णय जाहीर केला. उद्देश एकच, चेंडू थोडा कमी लांब जावा. मैदाने पुरेनात म्हणून चेंडू आखूड करायचा, इथवर हा प्रकार आला.

व्यावसायिकांचे एक वेळ ठीक. प्रश्न आहे तो नगरपालिकांचा. दूरचित्रवाणीवर दिसते तसेच मैदान आपल्या शहरात हवे, असा हट्ट लोकप्रतिनिधी धरतात आणि मग सार्वजनिक पैशातून ‘चॅम्पियनशिप दर्जा’चे कोर्स उभे राहतात. न्यूयॉर्क शहराने ब्राँक्समधल्या जुन्या कचराभूमीवर फेरी पॉइंटचा कोर्स बांधला. रचना जॅक निकलसची. काम अनेक वर्षे रखडले, २०१५ मध्ये कोर्स उघडला आणि शहराचा खर्च १२ कोटी डॉलरच्या पुढे गेला. विंटर पार्कच्या शंभरपट. कचराभूमी सुरक्षित करण्याचा खर्च त्यात मोठा होता, हे मान्य करावे लागेल. दोन्ही आकडे अगदी तागडीत घालून तोलण्यासारखे नाहीत. पण एका फेरी पॉइंटऐवजी शहराच्या वेगवेगळ्या वस्त्यांत ९ होलचे किती कोर्स सुधारून झाले असते, हा हिशेब मांडायला नको का?

खासगी रिसॉर्टवाल्यांनी तो हिशेब आधी मांडला. नॉर्थ कॅरोलायनातील पाइनहर्स्ट हे अमेरिकी गोल्फचे पंढरपूर. तिथे २०१७ मध्ये गिल हान्स यांच्या रचनेचा ‘द क्रेडल’ हा ९ होलचा कोर्स सुरू झाला. एकूण लांबी ७८९ यार्ड. दोन-तीन क्लब हातात घेऊन, लेकराबाळांसह खेळायचा. तो चालला आणि मग अशा छोट्या कोर्सची रिसॉर्टमध्ये रांगच लागली. गंमत अशी, की रिसॉर्टना जे नव्याने सापडले ते अनेक जुन्या शहरांकडे आधीपासून होते. त्यांनी फक्त त्याकडे दुर्लक्ष केले होते.

एडिनबराच्या ब्रंट्सफील्ड लिंक्सचे उदाहरण याहून साधे. शहराच्या मधोमध असलेल्या मोकळ्या हिरवळीवर छोटे होल आहेत, खेळायला शुल्क नाही. कॉलेजची मुले संध्याकाळी एक क्लब आणि एक पटर घेऊन येतात. बाजूने लोक कामावरून घरी चाललेले असतात. सेंट अँड्र्यूजलाही ‘हिमालय’ नावाचे पटिंगचे चढउताराचे मैदान आहे. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या महिलांच्या पटिंग क्लबचे ते घर. थोडे पैसे भरून कोणीही पटर घ्यावा आणि खेळावे. नामांकित मैदानावर ज्यांची पाळी लागली नाही, तेही इथे तासभर रमतात.

छोट्या कोर्सवरची खेळी ‘अधिकृत’ धरतात का?

पूर्वी इथे खरोखर अडचण होती. गोल्फमध्ये प्रत्येक खेळाडूला हँडिकॅप असतो. त्यामुळे कच्चा आणि पक्का खेळाडू बरोबरीने खेळू शकतात. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत आली. पण फार छोट्या मैदानांवरच्या फेऱ्या त्यात धरल्या जात नव्हत्या. २०२४ च्या बदलांत ही मर्यादा खाली आणली. आता १८ होलची एकूण लांबी १,५०० यार्ड किंवा ९ होलची ७५० यार्ड असली तरी त्या कोर्सचे अधिकृत मूल्यांकन होऊ शकते. याआधी हे आकडे दुप्पट होते. ९ होलची फेरी हँडिकॅपमध्ये धरण्याची रीतही बदलली; दुसऱ्या ९ होलच्या फेरीसाठी थांबून राहावे लागत नाही.

बातमी म्हणून हा बदल कोरडा होता आणि बहुतेक ठिकाणी छापूनही आला नाही. पण त्याचा अर्थ मोठा आहे. ७५० यार्ड म्हणजे ६८६ मीटर. एवढ्याशा मैदानावर खेळणाऱ्या मुलीलाही आता ‘खरा’ हँडिकॅप मिळू शकतो.

भारतात चित्र काय?

ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कोलकात्यात आहे, १८२९ चा. तरीही आपल्याकडे गोल्फ म्हणजे सभासदत्व, प्रतीक्षायादी आणि दारावरचा रखवालदार. मुंबई-पुण्यातल्या बहुतेकांनी गोल्फ कोर्स पाहिला आहे तो भिंतीवरून डोकावणाऱ्या झाडांच्या रूपात.

यात एक विरोधाभास आहे. भारताचे अनेक चांगले व्यावसायिक गोल्फपटू कॅडींमधून आले. दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणाऱ्यांतून. अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकली. २००९ मध्ये बेंगळुरूच्या सी. मुनियप्पाने ती जिंकली. दोघेही कॅडी होते. खेळ त्यांच्यापर्यंत पोहोचला तो त्या भिंतीच्या आत त्यांना कामासाठी जावे लागत होते म्हणून. भिंतीबाहेर राहिलेल्यांत असे किती असतील, हे मोजायचे साधन नाही.

अदिती अशोकची गोष्टही याच दिशेने जाते. टोक्यो ऑलिम्पिकमध्ये एका फटक्याने तिचे पदक हुकले आणि देश भल्या पहाटे उठून गोल्फचे नियम शोधू लागला. तिच्या घरात आधी कोणी गोल्फ खेळत नव्हते. बेंगळुरूत कुटुंब ज्या उपाहारगृहात जाई तिथून गोल्फची सरावाची जागा दिसायची. पाच वर्षांच्या मुलीला ते दिसले, तिने हट्ट धरला आणि सुरुवात पटिंगपासून झाली. सगळी गोष्ट ‘दिसायची’ या एका शब्दावर उभी आहे. विंटर पार्कमध्ये कोर्सच्या मधून रस्ता जातो, हा दोष नाही, तो गुण आहे, तो यामुळेच.

सार्वजनिक कोर्स आपल्याकडे अगदीच नाहीत असे नाही. दिल्ली विकास प्राधिकरणाने लाडो सरायला कुतुब गोल्फ कोर्स उभारला. २००० मध्ये सुरू झालेला हा देशातला पहिला सार्वजनिक कोर्स मानला जातो. उत्तर दिल्लीतील भलस्वाचा कोर्स ९ होलचा आहे. नवी मुंबईत सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी कोर्स केला. आराखडा १८ होलचा, सुरुवात ११ होलपासून. पण अशा ठिकाणी भाषा लगेच ‘पूर्ण’ आणि ‘अपूर्ण’ची होते. ११ होल म्हणजे काहीतरी राहून गेले, ९ होल म्हणजे तडजोड. दिल्लीतच द्वारका येथे प्राधिकरणाने उभारलेला नवा कोर्स देशातील सर्वांत लांब म्हणून मिरवला गेला. ज्या देशात बहुसंख्यांनी एकदाही क्लब हातात धरलेला नाही, तिथे सर्वांत लांब मैदानाचे कौतुक म्हणजे पोहायला शिकण्याआधी खाडी पोहून जाण्याच्या स्पर्धेची जाहिरात करण्यासारखे आहे.

खारघरच्या डोंगराला आणखी कापून सात होल वाढवण्यापेक्षा, आहेत त्या अकरांची ग्रीन उत्तम करणे आणि शाळांच्या मुलांसाठी आठवड्याचे दोन दिवस राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरेल. या सूचनेला प्रतिष्ठेच्या बाजारात भाव नाही, हे उघड आहे.

विरोधी बाजू काय म्हणते?

पहिला आक्षेप जागेचा आणि तो गंभीर आहे. शहरात मोकळी जागा नाही आणि आहे तिथे चाळीस मुले एकाच खेळपट्टीवर सहा वेगवेगळे क्रिकेटचे सामने खेळतात. तिथे गोल्फसाठी ४० एकर मागणे हा चेष्टेचा विषय होईल आणि व्हायलाच हवा. शिवाजी पार्क किंवा ओव्हलवर गोल्फ आणण्याची कल्पना कोणी मांडली तर तिला विरोधच करावा लागेल. छोट्या कोर्सची बाजू घेणे म्हणजे मैदाने बळकावण्याची बाजू घेणे नव्हे. उलट, जिथे गोल्फसाठी जमीन आधीच दिलेली आहे किंवा देण्याचे घाटत आहे, तिथे दीडशे एकरांऐवजी चाळीसांत भागते, हा तो मुद्दा आहे.

दुसरा आक्षेप पाण्याचा. गवताला पाणी लागते, यात वाद नाही. पण जमीन एक तृतीयांश असेल तर गवतही कमी आणि पाणीही कमी. सांडपाणी शुद्ध करून वापरता येते. फ्लोरिडासह अनेक ठिकाणी तसे करतात. दुष्काळी तालुक्यातून टँकर जात असताना बाजूला पिण्याच्या पाण्यावर हिरवळ राखली जाणार असेल, तर तो कोर्स नऊचा असो वा अठराचा, बंदच असलेला बरा.

तिसरा आक्षेप यशाचा आहे आणि त्यावर सोपे उत्तर नाही. छोटा कोर्स चांगला झाला, की बाहेरचे लोक येतात. लांबच्या शहरांतून, परदेशातूनही. वेळ मिळेनाशी होते. मागणी वाढली की शुल्क वाढवण्याचा मोह होतो. ज्या आजोबांसाठी आणि शाळकरी मुलांसाठी कोर्स वाचवला, त्यांनाच पहाटे मोबाइलवर बुकिंगसाठी झटापट करावी लागते. विंटर पार्कही या गर्दीतून सुटलेले नाही. नगरपालिकेने इथे बाजारभावाने वागायचे ठरवले, तर सुंदर आणि छोटे मैदान केवळ सुंदर आणि महाग मैदान होऊन बसेल. स्थानिकांसाठी वेगळा दर, मुलांसाठी राखीव वेळ, ऑनलाइन नोंदणीबाहेर ठेवलेल्या काही जागा, हे उपाय साधे आहेत. ते टिकवायला मात्र दर अंदाजपत्रकाच्या वेळी भांडावे लागते.

राहता राहिला प्रश्न खेळत नसलेल्यांचा. गोल्फ कोर्सची जमीन सगळ्यांच्या मालकीची असेल, तर न खेळणाऱ्याला तिचा काय उपयोग? याचे एक जुने उत्तर पुन्हा सेंट अँड्र्यूजमध्येच आहे. जगातले सर्वांत प्रसिद्ध गोल्फ मैदान, ओल्ड कोर्स, सार्वजनिक जमिनीवर आहे आणि रविवारी तिथे सहसा खेळ बंद असतो. त्या दिवशी गावकरी तिथे फिरायला येतात. आदल्या दिवशी ज्या फेअरवेवर कोणी हजारो किलोमीटरवरून येऊन आयुष्यातला एकमेव फटका मारलेला असतो, तिथे रविवारी सकाळी कुत्री मोकाट पळत असतात, एखादी आई बाबागाडी ढकलत असते आणि अठराव्या होलजवळच्या छोट्या दगडी पुलावर पोरे बसलेली असतात.